जुन्या विनाइल रेकॉर्ड्स: पारखून घेण्यापासून नीट विकण्यापर्यंत

वापरलेल्या रेकॉर्ड्सच्या व्यवहारात होणारे नुकसान बहुतेक वेळा कामांचा क्रम चुकल्यामुळे होते. कव्हर पाहून किंमत मान्य केली जाते आणि तबकडी घरी पोहोचल्यावर बाहेर काढली जाते. सुई झिजली आहे की नाही हे न पाहताच नवी आणलेली प्रत वाजवली जाते. आणि संग्रह विकायची वेळ आली, की यादी करण्याआधीच पहिल्या ग्राहकाला त्यातल्या हव्या त्या रेकॉर्ड्स निवडू दिल्या जातात. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पाळावेत. गाळलेल्या टप्प्याची भरपाई नंतर सहसा करता येत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी. घेताना तबकडी ज्या कसोटीने तपासली, त्याच कसोटीने ती विकताना तपासायची. घेताना प्रत्येक ओरखड्यावर बोट ठेवणारा माणूस विकताना तोच ओरखडा ‘वाजवताना जाणवत नाही’ म्हणून सोडून देतो आणि बहुतेक तंटे तिथूनच सुरू होतात.

टप्पा १: खरेदीला निघण्यापूर्वी

पहिली तपासणी स्वतःच्या टर्नटेबलची करावी. हिऱ्याच्या टोकाची सुई साधारणपणे ५०० ते १,००० तास वाजवल्यावर बदलावी लागते. टर्नटेबलच जुना घेतलेला असेल आणि त्यावरची सुई किती वाजली आहे याची माहिती नसेल, तर ती झिजलेली आहे असे धरून चालावे. झिजलेल्या सुईच्या कडा धारदार होतात आणि त्या खाचेची भिंत खरवडतात. हे नुकसान कोणत्याही सफाईने भरून येत नाही. सुईचा दाब उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत, म्हणजे आजच्या बऱ्याच कार्ट्रिजसाठी (सुई ज्यात बसवलेली असते तो भाग) १.५ ते २.५ ग्रॅमच्या दरम्यान असावा आणि तो छोट्या डिजिटल काट्यावर मोजूनच लावावा. दाब कमी ठेवला तर तबकडी जपली जाते, हा गैरसमज आहे. फार हलकी सुई जोरकस जागी खाचेतून उसळते आणि भिंतीवर आपटते. उड्या मारणाऱ्या सुईवर नाणे ठेवण्याची जुनी युक्ती तर पूर्णपणे सोडून द्यावी.

त्यानंतर यादी करावी. तिच्या एका भागात आपल्याकडे असलेल्या आणि दुसऱ्या भागात हव्या असलेल्या रेकॉर्ड्स कॅटलॉग क्रमांकासह, म्हणजे कंपनीने त्या रेकॉर्डला दिलेल्या क्रमांकासह, लिहाव्यात. नुसत्या नावांची यादी अपुरी पडते, कारण एकाच नावाच्या अनेक आवृत्त्या निघालेल्या असतात. आपण किमान कोणत्या दर्जाची प्रत घेणार, हेही याच वेळी ठरवावे (दर्जाच्या श्रेणी टप्पा ५ मध्ये दिल्या आहेत). ढिगासमोर उभे राहून ठरवायला गेले, की दर्जाची पायरी हळूहळू खाली उतरते.

सोबत छोटी पण प्रखर विजेरी, भिंग, धागे न सोडणारे मऊ कापड आणि कव्हराच्या आत तबकडी ज्यात ठेवतात तशा काही कोऱ्या पिशव्या घ्याव्यात.

*इशारा:* मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या बहुतांशी लाखेच्या असतात, विनाइलच्या नसतात. त्या जड आणि ठिसूळ असतात आणि पडल्या की फुटतात. त्यांच्या खाचा रुंद असल्याने त्यांना साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, तर एलपीसाठीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची असते. एकीची सुई दुसरीवर चालवू नये. पुढे दिलेली सफाईची पद्धत विनाइलपुरतीच आहे.

टप्पा २: जागेवर तबकडी तपासणे

सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा. तबकडी बाहेर काढण्यापूर्वी विक्रेत्याची परवानगी घ्यावी. जो विक्रेता सील नसलेली तबकडीही बाहेर काढू देत नाही, त्याच्याकडून ती सर्वांत खालच्या दर्जाची समजून त्या किमतीतच घ्यावी, नाहीतर सोडून द्यावी.

१. *काढण्याची रीत.* कव्हर किंचित फुगवून तबकडी आतल्या पिशवीसकट बाहेर काढावी, मग कड तळहाताच्या मुळाशी आणि बोटांची टोके लेबलवर ठेवून ती पेलावी. पेलताना खाचांवर बोट लागू देऊ नये. पिशवीतून तबकडी घासत ओढल्यानेच केसासारखे बारीक ओरखडे पडतात.

२. *सपाटपणा.* तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून फिरवावी. संपूर्ण तबकडीला आलेला हलका, एकसारखा बाक सुई बहुधा झेलते. कडेला एकाच ठिकाणी अचानक आलेला उंचवटा मात्र सुईला उडवतो, मग तो दिसायला कितीही लहान असो. उष्णतेने वाकलेली तबकडी काचांमध्ये दाबून किंवा तापवून सरळ करण्याचे उपाय सुचवले जातात; त्यात खाचांचा आकार बिघडण्याचा धोका मोठा असल्याने ती सरळ होईल या भरवशावर पैसे मोजू नयेत.

३. *पृष्ठभाग.* विजेरीचा उजेड तिरका पाडून तबकडी सावकाश फिरवावी. छतावरच्या पसरट उजेडात निम्मे दोष लपतात. दिसणारी रेघ वरवरची आहे की खोल, हे ओळखण्यासाठी स्वच्छ, कोरड्या बोटाचे टोक तिच्यावरून अगदी अलगद न्यावे. नख लावू नये. बोटाला जाणवणारा चरा ऐकूही येणार, असे धरावे. चऱ्याची दिशाही पाहावी. खाचांना काटकोनात गेलेला चरा प्रत्येक फेरीत एक ‘टक्’ आवाज देतो, पण सुई पुढे सरकते. खाचांच्या दिशेने तिरपा गेलेला चरा जास्त वाईट, कारण तो सुईला दुसऱ्या खाचेत ढकलतो आणि तबकडी एकाच ओळीवर अडकते.

इथे थोडा हिशेब उपयोगी पडतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीला एका फेरीस १.८ सेकंद लागतात. वीस-बावीस मिनिटांच्या बाजूवर एका सेंटिमीटरमध्ये खाचेचे साधारण ८० ते ८५ वेढे बसतात. म्हणजे आडव्या गेलेल्या एक सेंटिमीटर लांबीच्या खोल चऱ्याने सुमारे अडीच मिनिटे टकटक ऐकावी लागेल. ‘छोटासाच ओरखडा आहे’ असे कोणी म्हणाले, तर मनात हा आकडा असावा.

४. *खाचांची झीज.* एकही ओरखडा नसलेली तबकडी झिजलेली असू शकते आणि नवख्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते. जड सुईने वर्षानुवर्षे वाजवलेल्या तबकडीची काळी चमक जाऊन तिला राखाडी छटा येते. ही छटा जोरकस संगीताच्या पट्ट्यांत आणि प्रत्येक बाजूच्या शेवटी, लेबलजवळ, आधी दिसते. धुळीची छटा कापडाने अलगद पुसल्यावर जाते, झिजेची जात नाही. शक्य असेल तर त्या बाजूचे शेवटचे दोन मिनिटे ऐकून पाहावेत. आवाज चढताना तो फाटत असेल, तर झीज झालेली आहे.

५. *मधले छिद्र.* छिद्राभोवती लेबलवर बारीक रेघांचे जाळे असेल, तर ती तबकडी अनेकदा आणि निष्काळजीपणे टर्नटेबलवर चढवली गेली आहे. छिद्र केंद्रात नसेल तर वाजताना सुईचा दांडा डावी-उजवीकडे झुलतो आणि लांब, स्थिर स्वर हेलकावे खातात. हा कारखान्यातला दोष आहे आणि घरी दुरुस्त होत नाही.

६. *जोडी.* कव्हरवरचा कॅटलॉग क्रमांक आणि लेबलवरचा क्रमांक जुळतो का, ते पाहावे. जुन्या ढिगांमध्ये भलत्या कव्हरात भलती तबकडी असणे अगदी नेहमीचे आहे. दोन तबकड्यांच्या संचात दोन्ही एकाच आवृत्तीच्या आहेत ना, हेही पाहावे. मूळ प्रतीबरोबर आलेली गीतपत्रिका, भित्तिचित्र किंवा छापील पिशवी हरवली असेल, तर किंमत त्या प्रमाणात खाली यायला हवी.

७. *कव्हर.* ते सर्वांत शेवटी तपासावे. फाटलेले जोड, कण्याची झीज, तबकडीचा वर्तुळाकार उमटलेला ठसा, लिहिलेली नावे, ओलीचे डाग पाहावेत. कोपरा कापलेला असेल किंवा कव्हराला भोक पाडलेले असेल, तर ती बहुधा कंपनीने उरलेला माल स्वस्तात काढताना केलेली खूण असते. आधीच्या मालकाचा तो हलगर्जीपणा नसतो. तरी नोंद घ्यावी.

*पडताळणी:* दोन्ही बाजू पाहिल्या का? पहिली बाजू पाहून समाधान झाले, की दुसरी उलटून बघायचे राहून जाते.

टप्पा ३: आवृत्ती ओळखणे

कव्हरवर छापलेले वर्ष म्हणजे ती प्रत कारखान्यात दाबून तयार केल्याचे वर्ष, असे समजू नये. ते बहुधा हक्कनोंदणीचे वर्ष असते आणि वीस वर्षांनंतर काढलेल्या प्रतीवरही तसेच राहते. खरी ओळख शेवटच्या खाचेनंतर, लेबलच्या अलीकडे असलेल्या गुळगुळीत पट्ट्यावर मिळते. तिथे कोरलेला किंवा ठसवलेला मॅट्रिक्स क्रमांक असतो. तो विजेरी तिरपी धरून भिंगातून वाचावा आणि दोन्ही बाजूंचा, टिंबे-रेघांसकट, जसाच्या तसा लिहून घ्यावा. डिस्कॉग्ज या २००० साली सुरू झालेल्या, इंटरनेटवरील रेकॉर्ड्सच्या सूचीत याच क्रमांकांवरून एकाच रेकॉर्डच्या निरनिराळ्या आवृत्त्या वेगळ्या नोंदलेल्या सापडतात.

काही ठोकताळेही कामाला येतात. कव्हरवर मुळातच छापलेला बारकोड असेल, तर ती प्रत १९७० च्या दशकाच्या अखेरीपूर्वीची नसते. स्टिरिओ एलपी बाजारात १९५८ च्या सुमारास आल्या. त्याआधीच्या मोनो मुद्रणावर नंतर ‘स्टिरिओ’ छापलेले दिसले, तर ते बहुधा मोनोवर विजेच्या उपकरणांनी केलेले रूपांतर असते आणि अशा आवृत्त्यांना मूळ मोनोइतकी मागणी सहसा नसते. कव्हरचे चित्र धूसर, अक्षरांच्या कडा फुटलेल्या आणि मॅट्रिक्स क्रमांक नसलेला किंवा नोंदींशी न जुळणारा असेल, तर प्रत चोरटी असल्याचा संशय घ्यावा.

ऐकण्यासाठीच रेकॉर्ड घेणाऱ्याने मात्र पहिल्या आवृत्तीच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. झिजलेल्या पहिल्या आवृत्तीपेक्षा नीट राखलेली नंतरची आवृत्ती कानाला अधिक सुख देते, आणि तिला पैसेही कमी पडतात.

टप्पा ४: घरी आणल्यावर सफाई

नवीन आणलेल्या रेकॉर्ड्स लगेच संग्रहात मिसळू नयेत. बुरशी एका कव्हरातून शेजारच्या कव्हरात पसरते, म्हणून कुबट वास येणाऱ्या प्रती वेगळ्या खोक्यात, कोरड्या जागी ठेवाव्यात आणि हाताळताना तोंडावर मास्क लावावा. आतली जुनी कागदी पिशवी छापील असेल तर जपून बाजूला ठेवावी, साधी असेल तर टाकून द्यावी.

सफाई करण्यापूर्वी तबकडी वाजवू नये. सुई धुळीचे कण खाचेत दाबत पुढे जाते आणि स्वतःही झिजते.

१. कोरडी धूळ कार्बन फायबरच्या ब्रशने, तबकडी फिरवत, खाचांच्या दिशेने काढावी.

२. डिस्टिल्ड पाण्यात रंग व वास नसलेल्या सौम्य द्रव साबणाचे अगदी दोन-तीन थेंब, किंवा रेकॉर्डसाठी मिळणारे तयार द्रावण मिसळावे. नळाचे पाणी वापरू नये. ते वाळल्यावर त्यातले क्षार खाचेत राहतात आणि आधी नव्हती अशी किरकिर सुरू होते.

३. लेबल झाकून, मऊ ब्रशने किंवा कापडाने, खाचांच्या दिशेनेच द्रावण फिरवावे. केंद्राकडून कडेकडे पुसणे ही सर्रास होणारी चूक आहे.

४. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवावे. बरेच जण ही पायरी टाळतात आणि मग सुईच्या टोकावर पांढरट गोळा का जमतो, हे त्यांना कळत नाही.

५. कड टेकवून, उभी ठेवून, सावलीत पूर्ण वाळवावी. केस वाळवण्याचे यंत्र किंवा ऊन वापरू नये.

६. पॉलिथिनचे अस्तर असलेल्या नव्या पिशवीत ठेवावी. धुतलेली तबकडी जुन्या मळक्या पिशवीत परत घातली, तर सगळी मेहनत वाया जाते.

ओढयंत्र (खाचांतले द्रावण मळासकट शोषून घेणारे यंत्र) किंवा अल्ट्रासॉनिक यंत्र (टाकीतल्या पाण्यात ध्वनिलहरींनी मळ सोडवणारे) उपलब्ध असेल तर काम जास्त चांगले होते. फक्त अल्ट्रासॉनिक टाकीतले पाणी कोमटच राहील, याची काळजी घ्यावी. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे की नाही, यावर संग्राहकांत एकमत नाही. नेहमीच्या मळासाठी त्याची गरज पडत नाही, म्हणून नवख्याने ते टाळावे हे बरे.

*इशारा:* लाखेच्या तबकडीवर अल्कोहोल कधीही लावू नये. लाख त्यात विरघळते.

टप्पा ५: ऐकून दर्जा ठरवणे आणि नोंद

पाहून ठरवलेला दर्जा तात्पुरता समजावा. सफाईनंतर दोन्ही बाजू सलग ऐकाव्यात आणि आवाजाच्या जातीवरून दोष ओळखावा. दर १.८ सेकंदांनी नियमित येणारी टकटक चऱ्याची असते. अनियमित किरकिर उरलेल्या मळाची असू शकते, म्हणून एकदा पुन्हा धुऊन पाहावे. कोरड्या हवेत अधूनमधून होणारे फटके स्थिर विजेचे असतात. आणि जोरकस जागी फाटणारा आवाज, जो धुतल्यावरही तसाच राहतो, तो झिजेचा; अर्थात आधी आपलीच सुई निर्दोष असल्याची खात्री दुसऱ्या, चांगल्या तबकडीवर करून घ्यावी.

दर्जासाठी गोल्डमाइन या अमेरिकी मासिकाने रूढ केलेली श्रेणी सर्वत्र चालते: मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, आणि शेवटी फेअर किंवा पुअर. ‘मिंट’ जवळजवळ कधीच लिहू नये; वाजवलेली कोणतीही तबकडी त्यात बसत नाही. ‘व्हेरी गुड प्लस’ म्हणजे किरकोळ खुणा असूनही ऐकण्यात अडथळा न आणणारी प्रत. ‘व्हेरी गुड’मध्ये संगीत हलके असलेल्या जागी खरखर स्पष्ट ऐकू येते. ‘गुड’ ही प्रत न अडकता वाजते, पण खरखर शेवटपर्यंत सोबत करते. तबकडी आणि कव्हर यांचे दर्जे नेहमी वेगवेगळे लिहावेत. दोन श्रेणींमध्ये शंका असेल, तर खालची धरावी.

त्याच दिवशी वहीत नोंद करावी: नाव, कॅटलॉग क्रमांक, दोन्ही मॅट्रिक्स क्रमांक, दोन्ही दर्जे, दोषाची नेमकी जागा, कोणाकडून केव्हा किती पैशांत घेतली. ‘दुसरी बाजू, तिसरे गाणे, सुरुवातीला सुमारे वीस टकटक’ एवढे लिहून ठेवले, तर विकताना वर्णन आयते मिळते. ही वही सुरू केलेली नसते म्हणून शेकडो रेकॉर्ड्स विकायला काढताना माणूस हताश होतो.

टप्पा ६: साठवण

तबकड्या उभ्याच ठेवाव्यात, पुस्तकांसारख्या. फार घट्ट नाही आणि तिरक्या कलतील इतक्या सैलही नाही. एकावर एक रचलेल्या गठ्ठ्यात खालच्या प्रतींची कव्हरे ठसे घेतात आणि तबकड्या वाकतात. खोलीचे तापमान स्थिर असावे, हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी, थेट ऊन नसावे. फळी निवडताना वजनाचा अंदाज घ्यावा: कव्हरासह १०० एलपींचे वजन २० ते २५ किलो भरते.

*इशारा:* मऊ पीव्हीसीच्या जाड, चकचकीत बाह्य पिशव्या टाळाव्यात. त्यांतली रसायने कालांतराने बाहेर येतात आणि तबकडीवर धुकट थर आणतात, जो पुसून जात नाही. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या पिशव्या सुरक्षित असतात.

टप्पा ७: विकायला काढण्यापूर्वीची छाटणी

वारसाने आलेला संग्रह असो वा स्वतःचा, पहिल्या दिवशी काहीच विकू नये, काहीच फेकू नये आणि कोणालाही ‘नुसते बघायला’ बोलावू नये. आधी प्रत्येक कव्हर आतून तपासावे. त्यांत पत्रे, फोटो, कार्यक्रमपत्रिका, क्वचित स्वाक्षऱ्याही निघतात. भलत्या कव्हरांत गेलेल्या तबकड्या आपापल्या घरी पोहोचवाव्यात. पूर्ण यादी झाल्यावर चार भाग करावेत: स्वतःकडे ठेवायच्या, एकेक विकण्याजोग्या, गठ्ठ्याने द्यायच्या आणि वाजवण्याजोग्या न राहिलेल्या.

सील न उघडलेली जुनी रेकॉर्ड तपासण्यासाठी उघडू नये, तिची किंमत सीलमध्येच असते. कव्हर चिकटपट्टीने दुरुस्त करू नये, रंगाच्या पेनाने झीज भरू नये. फाटका जोड फाटका म्हणून विकता येतो, पण चिकटपट्टी लावलेला जोड कोणालाच नको असतो. भावाची चिठ्ठी खरवडून काढण्याचाही मोह टाळावा. ती निघाली तर सोबत कव्हरचा कागद घेऊन निघते.

टप्पा ८: किंमत लावणे

किंमत दर्जानंतर ठरते, आधी नाही. विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती पाहू नयेत. मागायला कोणी काहीही मागतो. त्याच आवृत्तीच्या, त्याच दर्जाच्या प्रती प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या, ते पाहावे. डिस्कॉग्जवर आधीच्या विक्रीतील किमान, मध्यम आणि कमाल किंमत दिसते. यांपैकी कमाल आकड्यावर डोळा ठेवणे ही नेहमीची चूक आहे, कारण तो बहुधा सीलबंद किंवा निर्दोष प्रतीचा असतो.

गोल्डमाइनच्या पद्धतीत व्हेरी गुड प्लस प्रत निअर मिंटच्या साधारण निम्म्या किमतीची, व्हेरी गुड पाव किमतीची आणि गुड १० ते १५ टक्क्यांची धरली जाते. दर्जाची एक पायरी वर सांगितली, तर ग्राहकाकडून जवळपास दुप्पट पैसे घेतले जातात. म्हणून त्या एका पायरीवरून एवढे वाद होतात.

लाखो प्रती खपलेल्या लोकप्रिय रेकॉर्ड्सना वयामुळे किंमत येत नाही. हे मालकाला पटवणे अवघड असते, विशेषतः त्या वडिलांच्या असतील तेव्हा.

टप्पा ९: विक्रीचा मार्ग

तीन मार्ग आहेत आणि प्रत्येकात पैसा व वेळ यांचे गणित निराळे आहे. एकेक प्रत थेट ग्राहकाला विकल्यास सर्वाधिक पैसे मिळतात. मात्र फोटो, पत्रव्यवहार, बांधणी आणि तक्रारी हे सगळे आपल्याला सांभाळावे लागते. संग्राहकांच्या मेळाव्यात एका दिवसात बऱ्याच प्रती जातात, घासाघीसही तितकीच होते. व्यापाऱ्याला संपूर्ण संग्रह दिला तर काम एका दिवसात संपते, पण तो किरकोळ किमतीचा काही अंशच देतो. त्यात लूट आहे असे समजू नये. न खपणाऱ्या प्रतींचा भार, जागा आणि सफाई त्याच्या माथी येते.

व्यापाऱ्याशी बोलताना एक नियम सोडू नये. त्याला निवडून घ्यायचे असेल, तर प्रत्येक प्रतीची स्वतंत्र किंमत ठरवावी. सगळा संग्रह घ्यायचा असेल, तर एकच रक्कम ठरवावी आणि मग सगळाच उचलायला लावावा. ‘आधी एवढ्या नेतो, उरलेल्या नंतर’ या व्यवहारात उत्तम प्रती गठ्ठ्याच्या भावाने जातात आणि उरलेल्या नेण्यासाठी कोणी येत नाही.

टप्पा १०: वर्णन आणि फोटो

फोटो प्रत्यक्ष त्याच प्रतीचे असावेत: कव्हर पुढून-मागून, चारही कोपरे, कणा, दोन्ही लेबले, मॅट्रिक्स क्रमांक आणि तिरक्या उजेडातली तबकडी. सर्वांत मोठ्या दोषाचा फोटो पहिल्या चारांत घालावा. वर्णनात तबकडी ऐकून दर्जा दिला की नुसती पाहून, हे स्पष्ट लिहावे. ‘वयाच्या मानाने छान’ असे लिहू नये. दर्जाला वय नसते. परत घेण्याच्या अटी, पाठवणीचा खर्च कोणाचा आणि पैसे केव्हा द्यायचे, हे व्यवहार ठरण्यापूर्वी लेखी ठरवावे, आणि पैसे खात्यात जमा झाल्याची स्वतः खात्री केल्याशिवाय माल हलवू नये. ग्राहकाने पाठवलेला पैसे भरल्याचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत.

टप्पा ११: बांधणी आणि पाठवणी

तबकडी कव्हरात ठेवूनच पाठवणे ही बांधणीतली सर्वांत महागडी चूक आहे. वाटेत खोके आपटले, की तबकडीची कड आतून कव्हरचा जोड फाडते.

१. तबकडी आतल्या पिशवीसह कव्हराबाहेर काढावी आणि कव्हराच्या मागे ठेवावी. छापील मूळ पिशवी असेल, तर ती कव्हरात राहू द्यावी आणि तबकडी साध्या पिशवीत घालावी.

२. दोन्ही मिळून एका बाह्य पॉलिथिन पिशवीत घालून तोंड बंद करावे, म्हणजे ओलावा आत शिरत नाही.

३. दोन्ही बाजूंना कव्हरापेक्षा किंचित मोठे कोरुगेटेड पुठ्ठे लावावेत. एका पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या, तर दुसऱ्याच्या आडव्या ठेवाव्यात. तसे केल्याने गठ्ठा कोणत्याच दिशेने सहज दुमडत नाही.

४. सगळे रेकॉर्डसाठीच्या खोक्यात घालावे. आत काही हलत असेल तर रिकामी जागा भरावी. कोपऱ्यांना जास्तीचा आधार द्यावा, कारण मार तिथेच बसतो.

५. बबल रॅप तबकडीला थेट लागू देऊ नये. उष्णतेत त्याचे ठसे उमटू शकतात.

*पडताळणी:* बंद केलेले खोके हलवून पाहावे. आवाज आला, तर पुन्हा उघडावे. चिकटपट्टी लावण्याआधी आतल्या वस्तूंचा एक फोटो घ्यावा आणि मॅट्रिक्स क्रमांक आपल्या वहीतल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. परत आलेली तबकडी आपणच पाठवलेली आहे की बदललेली, याचा निर्णय पुढे याच क्रमांकावरून आणि दोषाच्या नोंदीवरून करता येतो; म्हणून तक्रारीची मुदत संपेपर्यंत वहीतली ती ओळ खोडू नये.